तीस्तेवरचा बाघपूल आणि आमचा ओढा



मोबाइल भरला, भरला म्हणून सारखी सूचना येत होती. नातू म्हणाला, आजी, जुने फोटो पुसून टाक. म्हणून परवा दुपारी आवराआवर झाल्यावर बसले. सुप्रभातचे फोटो, कोणाच्या तरी नातीचं बारसं, उन्हाळ्यातल्या कुरडया, सगळं पुसत पुसत मी 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत पोचले आणि एका फोटोवर हात थांबला. फोटोत माझा धाकटा भाऊ आहे. डोक्याला मफलर, अंगात मोठ्या मुलाचं जॅकेट, आणि त्याच्या शेजारी सिमेंटचा एक वाघ. मागे पुलाचा कठडा आणि पार खाली हिरवं पाणी. तो फोटो पुसला नाही. त्या पुलाबद्दल कधीतरी लिहायचं होतंच, ते आज लिहिते.

त्या वर्षी आम्ही जिंतूर आणि परभणीकडचे अठराजण मिळून शिखरजीला गेलो होतो. शिखरजीबद्दल मी नव्याने काय सांगू? तुमच्यातल्या बहुतेकींची वंदना झालेली आहे. नऊ किलोमीटर चढ, नऊ वर टोंकांचा फेरा, नऊ उतार. रात्री दोनला काठी घेऊन निघायचं, आणि पार्श्वनाथांच्या टोंकावर पोचलं की पायाचं दुखणं कुठे जातं कळत नाही. आमच्या ह्यांनी मात्र डोली केली. गुडघ्याचं निमित्त होतं, पण मला वाटतं त्यांना डोलीत बसायची हौसच होती.

तिथून काहीजणांची टूम निघाली की एवढ्या लांब आलोच आहोत तर दार्जिलिंग, गंगटोक करून जाऊ. मी आधी नको म्हणाले. दशम्या संपत आल्या होत्या, आणि परमुलखात कांदालसणाशिवायचं जेवण कुठे शोधायचं? पण सिलीगुडीत मारवाडी वस्ती चांगली मोठी आहे, जैन भोजनाची सोय होते असं कळलं, तेव्हा माझा विरोध मावळला. गाड्या बदलत न्यू जलपाईगुडीला उतरलो. गाळणं, तांब्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट एवढं माझ्या पिशवीत शेवटपर्यंत होतं.

सिलीगुडीहून गंगटोकला निघालं की गाव संपल्यावर दोन्ही बाजूंना सालाचं जंगल लागतं. सरळ, उंच झाडं. मग एकदम डोंगर सुरू होतो आणि उजव्या हाताला तीस्ता नदी दिसायला लागते. तिथेच सेवक नावाचं ठिकाण आहे. रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता नदीच्या कडेकडेने कालिंपोंग, गंगटोककडे जातो आणि दुसरा उजवीकडे वळून पुलावरून पलीकडे, डुआर्सच्या चहामळ्यांकडे. आम्हाला पूल ओलांडायचा नव्हता. पण ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, बाघपूल देखके आइए. सगळे देखते हैं.

पुलाच्या तोंडाशी दोन वाघ बसवलेले आहेत, म्हणून बाघपूल. मला ते वाघापेक्षा सिंहच वाटले, पण गावाने वाघ म्हटलं की वाघ. कागदोपत्री नाव कोरोनेशन ब्रिज. 1937 साली इंग्लंडच्या सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, त्याची आठवण म्हणून हे नाव. त्याच वर्षी बंगालचे गव्हर्नर जॉन अँडरसन यांनी पायाभरणी केली आणि 1941 मध्ये पूल पुरा झाला. खर्च आला चार लाख रुपये. चार लाखांत आज आमच्या गल्लीतल्या गटाराचं काम सुद्धा होणार नाही, हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. बी.कॉम.च्या बाईला आकडा दिसला की राहवत नाही.

पण खरी बघण्यासारखी गोष्ट आकड्यात नव्हती. पुलावर थोडं चालून जाऊन कठड्यावरून खाली वाकलं, की लक्षात येतं की नदीत खांब नाही. एकही नाही. एका डोंगरातून निघालेली काँक्रीटची मोठी कमान दुसऱ्या डोंगरात जाऊन रुतते, आणि त्या कमानीच्या पाठीवर बारीक बारीक खांब उभे करून वर रस्ता ठेवलेला आहे. खाली तीस्ता आपली मोकळी वाहते.

आमच्याबरोबर एक काका होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बरीच वर्षं येलदरीच्या धरणावर काढलेली. प्रवासभर ते कोणाशी फारसे बोलले नव्हते, पण पूल दिसल्यावर त्यांना कंठ फुटला. ते म्हणाले, या नदीला इथे इतकी खोली आणि इतका ओढ आहे की पाण्यात पाया घेऊन खांब उभे करणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून दार्जिलिंगच्या बांधकाम खात्यातले इंग्रज कार्यकारी अभियंता जॉन चेंबर्स यांनी नदीला हातच लावायचा नाही असं ठरवून नकाशा केला. आणि काम कोणी केलं, माहीत आहे का? मुंबईच्या जे. सी. गॅमन कंपनीने. गेटवे ऑफ इंडियाच्या पायाचं काम ज्यांनी केलं तेच हे. म्हणजे मुंबईची माणसं इतक्या लांब, हिमालयाच्या पायथ्याशी येऊन हे करून गेली.

आम्हा बायकांपैकी एकीने विचारलं, खाली आधार नाही तर पूल पडत कसा नाही? काकांनी मग रस्त्यातच आम्हाला समजावलं. दोघींना समोरासमोर उभं केलं, हात वर करून एकमेकींच्या तळहातांवर रेलायला लावलं, पाय जरा मागे घ्यायला लावले. म्हणाले, आता वरून भार पडला तर काय होईल? तुमचे पाय मागे सरकतील. मागे भिंत असेल तर सरकणार नाहीत. कमान म्हणजे हेच. वरचं ओझं ती खाली नदीत सोडत नाही, दोन्ही बाजूंना ढकलते. बाजूचा खडक जेवढा पक्का, तेवढी कमान पक्की. आणि काँक्रीटचा स्वभावही त्याला धरूनच आहे. काँक्रीट दाबलं तर कितीही सोसतं, ताणलं तर तडकतं. ताण सोसायला आत लोखंड घालावं लागतं. कमानीत बहुतेक सगळा दाबच असतो, म्हणून काँक्रीट तिथे सुखाने राहतं.

मैत्रिणींनो, शाळेत मला विज्ञानात कधी पन्नासच्या वर मार्क पडले नाहीत, पण हे मला पटकन समजलं. दोन बायकांना रस्त्यात हात धरून उभं केलेलं बघून येणाजाणारे हसत होते, त्याचंही काही वाटलं नाही.

पूल तसा अरुंद आहे. गाड्या एकमेकींना जेमतेम जागा देत होत्या. 2011 च्या सप्टेंबरात सिक्कीमला मोठा भूकंप झाला, त्यानंतर जड ट्रकांवर बंधन घातलेलं आहे. कठड्यावर माकडं बसलेली, हातातली पिशवी घट्ट धरावी लागते. काहीजण नदीत नाणी टाकत होते. वर बघितलं तर डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून नदी येते, आणि खालच्या बाजूला रेल्वेचा पूल दिसतो, त्याच्या पुढे सपाट मुलूख. नदी डोंगर सोडते ती इथेच. फेब्रुवारीत पाणी इतकं हिरवं असतं की खोटं वाटावं.

आमच्याकडच्या माणसाला जुन्या पुलाचं नाव काढलं की 2016 आठवतं. महाडचा सावित्री नदीवरचा पूल. तोही कमानींचाच, पण दगडी, 1928 चा. 2 ऑगस्टच्या रात्री पुरात तो वाहून गेला आणि अंधारात दोन एस.टी. बस आणि इतर गाड्या सरळ नदीत गेल्या. ते दिवस आठवतात ना? टीव्ही बंद करून सुद्धा जेवण जात नव्हतं. काकांना मी त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, तिथे नदीत खांब होते. पाण्यातला खांब म्हटला की पूर त्याच्या बुडाशी खणतच राहतो, वरून काही दिसत नाही. इथे पाण्याला खणायला काही ठेवलेलंच नाही. 1968 च्या ऑक्टोबरात याच तीस्तेने खाली जलपाईगुडी शहर बुडवलं होतं, माणसं गेली, पण हा पूल राहिला.

माझा भाऊ इतका वेळ कठड्याला टेकून गप्प उभा होता. त्याने काकांना विचारलं, “काका, असला पूल आमच्या ओढ्यावर का नाही बांधला कोणी?”

काका हसले. “तुमच्याकडे दोन्ही अंगांना काळी माती. पावसात फुगणार, उन्हात भेगाळणार. कमान रेटणार कशाला? तिला दोन्हीकडे खडक लागतो.”

काका पुढे गेले फोटो काढायला. भाऊ माझ्याकडे वळला आणि सहज म्हणाला, “अक्का, असा पूल असता तर त्या दिवशी तू पोचली असतीस.”

आता हे तुम्हाला कळायचं तर मला तीस वर्षं मागे जावं लागेल.

माझं माहेर चारठाण्याच्या बाजूला, एका लहान खेड्यात. जिंतूरहून एस.टी.ने फाट्यावर उतरायचं आणि तिथून अर्धा तास चालायचं. मध्ये ओढा. ओढ्यावर फरशी पूल, म्हणजे खाली सिमेंटचे नळे टाकून वर घोटाभर उंचीची फरशी. आठ महिने त्यावरून बैलगाड्या जायच्या, आणि पावसाळ्यात वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की दोन तासांत फरशी दिसेनाशी व्हायची. पाणी उतरेपर्यंत इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. मराठवाड्यात वाढलेल्या प्रत्येकीच्या माहेरी किंवा सासरी असा एक ओढा असतोच.

1989 साल. भाद्रपद. आमच्या सासूबाईंनी त्या वर्षी दशलक्षणात दहा उपवास केले होते. चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, पण स्वयंपाकघराच्या किल्ल्या अजून खऱ्या अर्थाने माझ्या हातात नव्हत्या. त्या वर्षी पहिल्यांदा सासूबाई म्हणाल्या होत्या, पारण्याचं सगळं तू बघ. सेलूहून, मानवतहून पाहुणे येणार होते. मुगाचं पाणी किती पातळ, आधी काय द्यायचं, नंतर काय, मी वहीत लिहून ठेवलं होतं. अगदी खातेवहीसारखं.

चतुर्दशीला दुपारी बाराच्या सुमारास माहेरच्या गावचा एक माणूस दारात आला. सासूबाई मंदिरात होत्या, हे दुकानात. तो म्हणाला, “अण्णांना बरं नाही. तुम्हाला यायला सांगितलंय.” मी विचारलं, “फार आहे का?” तो म्हणाला, “तसं नाही, पण आठवण काढतायत.” मी त्याला पाणी दिलं, चहा नको म्हणाला. गेला.

चारची एस.टी. होती. आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. मी कोणालाच काही बोलले नाही. सासूबाईंना नाही, ह्यांना नाही. मनात म्हणाले, उद्या पारणं उरकून जाते. ‘तसं नाही’ म्हणालाय ना तो. मला कोणी अडवलं नव्हतं, हे मुद्दाम लिहिते. आपल्याकडे अशा गोष्टीत सासूला नावं ठेवणं फार सोपं असतं. मी सांगितलं असतं तर सासूबाईंनी उपाशीपोटी उठून माझी पिशवी भरून दिली असती.

रात्री पाऊस सुरू झाला. सकाळी पारणं झालं. छान झालं, सगळ्यांनी नाव काढलं. पाहुण्यांची पानं उठल्यावर मी ह्यांना सांगितलं की माहेरहून निरोप आलाय. कधी आला ते सांगितलं नाही. आम्ही दोघं निघालो. फाट्यावर उतरून ओढ्यापाशी पोचेपर्यंत चार-साडेचार झाले असतील. फरशी नव्हतीच. लाल, गढूळ पाणी बाभळीच्या खोडांना लागलेलं. पलीकडे काही माणसं उभी होती, त्यांत माझा भाऊ. बावीस वर्षांचा होता तो तेव्हा. अंगात सदरा नव्हता, ओलं पंचं गुंडाळलेलं. मी हाका मारत होते, पाण्याच्या आवाजात काही ऐकू जात नव्हतं. त्याने दोन्ही हात वर केले आणि जोडले.

आपल्यात मृतदेह फार वेळ ठेवत नाहीत. जीवोत्पत्ती होते म्हणून लवकर संस्कार करतात. अण्णा सकाळी अकराला गेले होते, आणि तो ओढ्यावर आला तो अग्नी देऊनच.

ती रात्र आम्ही अलीकडच्या एका शेतातल्या आखाड्यावर काढली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाणी उतरलं. घरी पोचले, आईच्या गळ्यात पडले, आणि माझ्या तोंडून निघालं, “ओढा आडवा आला गं आई.”

खोटं होतं का? नाही. ओढा आडवा आलाच होता. पुढे जो भेटेल तो हेच म्हणायचा, काय नशीब पोरीचं, ओढा आडवा आला. मीही तेच सांगत गेले. कॉमर्सच्या पोरींना आठवत असेल, ज्या रकमेचं खातं ठरत नाही ती तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. वर्षअखेरीला ते खातं मोकळं करायचं असतं. मी तीस वर्षं केलं नाही. सगळी रक्कम ओढ्याच्या नावे टाकून बसले. दरवर्षी दशलक्षणातला तिसरा दिवस, उत्तम आर्जवाचा, मला जड जायचा. आर्जव म्हणजे सरळपणा, जे मनात तेच वाणीत. मंदिरात शास्त्र वाचन चालायचं आणि मी साडीच्या पदराची दशी ओढत बसायची. क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागायची, शेजारणीची, भांडीवालीची, ज्यांच्याशी वर्षभरात बोललेच नाही त्यांचीही. भावाला पत्र जायचं, नंतर फोन जायला लागला. पण ‘कळत नकळत काही चुकलं असेल तर’ या शब्दांच्या आड किती काही लपवता येतं!

तर पुलावर तो म्हणाला, तू पोचली असतीस. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बाळू, निरोप चतुर्दशीलाच मिळाला होता मला. दुपारी बाराला. मी पारण्यासाठी थांबले.”

एक गाडी हॉर्न वाजवत गेली. तो बाजूला झाला, मलाही हाताला धरून बाजूला घेतलं. मग म्हणाला, “ठाऊक आहे.”

“कसं?”

“निरोप घेऊन गेलेल्यानेच सांगितलं. दिवसकार्याला आला होता तेव्हा.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“तू ओढ्याचं नाव सांगितलंस. आईला ते बरं वाटलं. मग राहिलंच.”

मी रडायला लागले होते. आजूबाजूला माणसं, माकडं, फोटो काढणारी पोरं. मला वाटलं, झालं, संपलं. पण तो कठड्यावर हात ठेवून खाली बघत होता आणि त्याला अजून काही बोलायचं होतं.

“चतुर्दशीला संध्याकाळी एस.टी.चा आवाज आला तसा अण्णांनी विचारलं, आली का. थोड्या वेळाने परत विचारलं. मी सांगितलं, ओढ्याला पाणी आलंय अण्णा, उद्या येईल.” थोडा थांबला. “तेव्हा ओढा कोरडा होता, अक्का. पाऊस रात्री आला. मीच आधी ओढ्याचं नाव घेतलं, तुझ्याही आधी. मग रात्रभर पाऊस पडत होता आणि मी पडून ऐकत होतो. मला वाटत होतं, माझ्या बोलण्यानेच पाणी आलं.”

बावीस वर्षांचं पोर. आई आत, अण्णांच्या उशाशी. आणि हा बाहेर ओट्यावर पडून पाऊस ऐकतोय. मी माझ्याच गुन्ह्याला इतकी वर्षं कवटाळून बसले होते की त्याच्या रात्रीचा विचार मला कधी शिवलाच नव्हता.

मी विचारलं, “अण्णा काय म्हणाले?”

“म्हणाले, मग येऊ नको म्हणावं. पोरीला पाण्यात उतरू देऊ नका.”

मग आम्ही दोघंही काही बोललो नाही. क्षमा वगैरे मागितली नाही. तो खिशात नाणं शोधत होता, मी म्हटलं, नदीत पैसे कशाला टाकतोस, त्या भुट्टेवाल्या पोराला दे. त्याने दहाची नोट दिली आणि नुसताच परत आला, भुट्टा घेतला नाही, कारण पोरगा कणसं कसल्या मसाल्यात घोळवत होता ते कळत नव्हतं. तेवढ्यात आमच्या ह्यांची हाक आली, ड्रायव्हर ओरडतोय. फोटो त्याआधीचा की नंतरचा ते मला आता आठवत नाही. भावाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. वाघ मात्र ऐटीत बसलाय.

गंगटोक बघितलं, बर्फ लांबून बघितला, थंडीने ह्यांचे गुडघे आखडले. परत येताना बाघपूल अंधारात गेला, दिसलाच नाही.

माहेरच्या ओढ्यावर आता उंच पूल झाला आहे. सरळ, खांबांचा, काळ्या मातीतला. दोन्ही बाजूंना निळे-पांढरे पट्टे मारलेले कठडे आहेत, आणि गाडी त्यावरून इतक्या पटकन जाते की ओढा कुठला होता हे नव्या सुनांना सांगावं लागतं. जुनी फरशी खाली तशीच आहे. बायका तिच्यावर गोधड्या धुतात.

2023 मध्ये क्षमावाणी होऊन चारच दिवस झाले असतील, 4 ऑक्टोबरला सकाळी टीव्हीवर बातमी लागली. सिक्कीमला वरचं हिमनदीचं तळं फुटलं होतं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं होतं, आणि तीस्ता घरं, गाड्या घेऊन खाली येत होती. हिरव्या पाण्याची तीस्ता नव्हतीच ती. आमच्या ओढ्याचा रंग होता तिला. किती माणसं गेली, किती जवान गेले. मी हातातली कणीक तशीच ठेवून समोर उभी राहिले. पडद्यावर सेवकचा पूल कधी दाखवतायत याची वाट बघत होते.

फोन वाजला. भावाचा होता.

“अक्का, टीव्ही लावलाय का?”

“लावलाय.”

“उभा आहे बघ,” तो म्हणाला. “पाणी खालून चाललंय.”